पंधरा टनांचा पूल

लांबून ट्रक येताना दिसला की सिद्राम शिवशरण आधी मागची चाकं बघायचा. ड्रायव्हरचं तोंड बघण्यात त्याला रस नव्हता. ड्रायव्हरांची तोंडं सगळी सारखीच, झोपेतून उठवलेल्या म्हशीसारखी, असं त्याचं मत होतं. टायरची फुगलेली कूस, स्प्रिंगच्या पाट्यांचं कण्हणं, चढाला इंजिनाला लागलेला दम, एवढ्यावरून तो गाडीत किती टन माल आहे ते सांगायचा आणि मग बाजूला थुंकायचा.

होनकट्टीच्या रस्त्यावर तो मैलकुली होता. म्हणजे बांधकाम खात्याचा रस्ता राखणारा मजूर. खड्डा पडला की भरायचा, कडेचं गवत काढायचं, मोऱ्यांतला गाळ उपसायचा, ही नोकरी. छत्तीस वर्षांपूर्वी तो रोजंदारीवर खडी फोडायला लागला तेव्हा या अकरा किलोमीटरला चार मैलकुली होते. एक वारला, दोघं निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी खात्यानं कुणाला घेतलंच नाही. उरला सिद्राम. सायकलला घमेलं, फावडं, टिकाव, खडी ठोकायची धुम्मस आणि लाल निशाणाची काठी बांधून तो सकाळी निघायचा आणि दिवसभर एकटाच पुटपुटत फिरायचा. मोठी कामं आता कंत्राटदार करत. दोन वर्षांपूर्वी एकानं अख्ख्या रस्त्याला डांबर फासलं, ते दिवाळीच्या आत निघालं. सिद्रामनं त्याची एक खपली नखानं उचलून कंत्राटदाराच्याच हातावर ठेवली होती.

"हे डांबर न्हाय, काजळ हाय," तो म्हणाला. "डोळ्यात घालायला बरं. रस्त्याला काय उपेगाचं?"

कंत्राटदार हसला. अशा हसणाऱ्या माणसांचा सिद्रामला मनापासून तिटकारा होता.

रस्ता तसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मंद्रूपच्या बाजूला हायवेला फुटायचा, होनकट्टी गावातून वळसा घालून पुन्हा हायवेलाच मिळायचा. दिवसाला एसटीच्या चार फेऱ्या, बाकी बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली. गावाच्या अलीकडे ओढ्यावर दगडी कमानीचा जुना पूल होता आणि त्याच्या तोंडाशी खात्याची पाटी: 'पूल कमकुवत आहे. भारमर्यादा १५ टन.' पाटीवरचा पंधराचा आकडा सिद्राम दरवर्षी दसऱ्याला स्वतः रंगवायचा. वाचणारं कुणी नव्हतं, तरी रंगवायचा.

मग हायवेच्या टोलनाक्यावर काटा आला.

नाक्याच्या लेनमध्ये रस्त्यातच तो बसवला होता. गाडी वरून गेली की वजनाचा आकडा वर झळकायचा. दहा चाकी गाडीला मालासकट साडेअठ्ठावीस टनांची मुभा. त्यावर गेली तर दंड, आणि जादा माल तिथंच उतरवा. सोलापूरच्या टॉवेल कारखान्यांचे बॉयलर लाकडावर चालतात आणि ते लाकूड बरंचसं कर्नाटकातून येतं. बाभूळ, निलगिरी, काय मिळेल ते, ट्रकच्या फाळक्यांवर आणखी उभे वासे बांधून तेरा-तेरा फूट रचलेलं. लाकूडवाल्यांच्या घशात तो काटा बरोबर अडकला. आठ दिवसांत त्यांनी तोड काढली. नाक्याच्या अलीकडे हायवे सोडायचा, होनकट्टीवरनं जायचं आणि नाक्याच्या पलीकडे पुन्हा हायवे धरायचा. वाटेत पूल पंधरा टनांचा, गाड्या चाळीस टनांच्या.

पहिल्या दिवशी सिद्रामनं सात गाड्या मोजल्या. तिसऱ्या दिवशी एकोणीस. पुलावर गाडी चढली की खालच्या कमानीतून माती झरझर गळायची. तो ओढ्यात उभा राहून ती टोपीवर झेलायचा आणि वरच्या गाडीला, गाडीच्या मालकाला, मालकाच्या बापाला नावं ठेवायचा.

तो गेला शाखा अभियंत्याकडे. साहेब वयानं त्याच्या मुलाएवढा, टेबलावर दोन मोबाइल आणि एक पाण्याची बाटली.

"शिवशरण, ओव्हरलोड आहेत हे तुम्ही कशावरून म्हणता?" साहेबानं विचारलं. "आपल्याकडे काटा कुठाय?"

"डोळे हायेत की."

"डोळ्यांचा रिपोर्ट चालत नाही हो."

सिद्राम परत आला, पण गप्प बसला नाही. एका गाडीवरून पडलेला बाभळीचा ओंडका त्यानं सायकलवर घातला, मंद्रूपच्या बाजारात धान्याच्या व्यापाऱ्याकडे नेऊन तोलला, आणि टेपनं लांबी-घेर मापून एका घनफुटाला किती किलो बसतं ते काढलं. लाकूड ओलं होतं. टनावर विकायचं म्हणून वाळायच्या आतच भरतात. "लाकूड कसलं, पाणी वाहत्यात पाणी," तो चांगुणाला, म्हणजे बायकोला, जेवताना म्हणाला. "पाणी जाळून टावेल वाळवत्यात. अक्कल बग." मग ट्रकची लांबी, रुंदी, रचाईची उंची धरून, मधल्या फटी वजा करून त्यानं हिशेब घातला. सातवीपर्यंतच शिकलेला माणूस, पण खडीचे ढीग मापण्यात जन्म गेला होता.

हिशेबाची खात्री करून दिली ती ईरप्पानं. इंडीकडचा हा ड्रायव्हर पुलाजवळच्या हापशावर गाडीत पाणी भरायला थांबायचा. सगळ्यांत तोच एक थांबायचा आणि 'अण्णा' म्हणून हाक मारायचा. त्यामुळं सिद्राम त्याला इतरांपेक्षा जरा कमी शिव्या द्यायचा.

"एकोणचाळीस टन," सिद्राम गाडीभोवती फेरी मारून म्हणाला. "गाडी धरून."

ईरप्पानं खिशातनं भरतीच्या ठिकाणच्या काट्याची चिठ्ठी काढली, वाचली आणि सिद्रामच्या तोंडाकडे बघत राहिला. साडेएकोणचाळीस होते.

"पाटी वाचता येती का तुला?"

"येती की. पंधरा." ईरप्पा ओशाळून हसला. "येन माडली अण्णा? काय करू? मालक भरतंय, मी वडतो. न्हाय म्हणलं तर चावी दुसऱ्याला देतंय."

"मंग तू बैल हायस, असं म्हण."

"व्हय," ईरप्पा म्हणाला, आणि गाडी पुलावर घातली.

पावसाळ्याच्या तोंडाला कमानीला चीर पडली. फार नाही, बोटाच्या पेराएवढी. सिद्रामला एका जुन्या ओव्हरसियरनं शिकवलेलं होतं: चिरेवर काचेची पट्टी सिमेंटनं आडवी चिकटवायची. चीर जागच्या जागी असेल तर काच टिकते, वाढत असेल तर तडकते. त्यानं घरातल्या फुटक्या आरशाच्या पट्ट्या केल्या आणि एक चिकटवली. तिसऱ्या दिवशी तडकली. दुसरी चिकटवली, ती पाचव्या दिवशी. त्या ओव्हरसियरनं आणखी एक शिकवलं होतं, की साहेबाला तोंडी काही सांगायचं नाही, कागद द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायचा. सिद्राम दर वेळी तारखेसह कागद द्यायचा, आणि शिक्का मारणारा क्लार्क दर वेळी म्हणायचा, "आली का काच?"

चौथ्या कागदानंतर साहेब स्वतः आला. पुलाखाली उतरला, बूट भरले म्हणून वैतागला, वर बघितलं आणि त्याच वेळी डोक्यावरून एक गाडी गेली. साहेबाच्या पांढऱ्या शर्टावर माती पडली. तेवढ्यानं काम झालं. नाहीतर चार कागद असेच पडून राहिले असते.

काटा बसवायला खात्याकडे तरतूद नव्हती, पण युक्ती सिद्रामनं सांगितली. पुलाच्या दोन्ही तोंडांना रुळाचे खांब रोवायचे आणि अकरा फुटांवर आडवा बार टाकायचा. एसटी खालून जाते. लाकूड अकरा फुटांपर्यंत रचलं तर गाडी मालासकट अठ्ठावीस-एकोणतीस टनांत बसते.

"मग ती इकडून जाणारच की," साहेब म्हणाला.

"कशाला येईल? तेवढ्या वजनाला हायवेवरचा काटा अडवत न्हाय. चोराला आडवाट लागती साहेब, सावाला कशाला?"

साहेबानं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बार बसला. खर्चाच्या टिपणीत ती कल्पना साहेबाची म्हणून लागली. सिद्रामनं ते ऐकलं आणि त्याला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. ज्या माणसाकडून काही अपेक्षा नाही, तो दुसरं काय करणार?

चार महिने रस्त्यानं श्वास घेतला. पहिल्या दिवशी ईरप्पाचीच गाडी बारापाशी आली, थांबली आणि दीड किलोमीटर उलटी गेली. गावातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच सोमशेखरनं चावडीपुढं सिद्रामला हार घातला. घरांना तडे जात होते, पोरांना शाळेत जाताना जीव मुठीत धरावा लागत होता, ते थांबलं. चांगुणानं तो हार घरात खुंटीला अडकवला. सिद्राम म्हणाला, "काढ त्यो. वाळल्यावर कचरा पडतोय."

दसऱ्याच्या सुमारास लाकडाचा ठेकेदार महेश्वर घरी आला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोटांत चार अंगठ्या. सिद्रामचं घरकुलाचं बांधकाम भिंतींपर्यंत आलेलं होतं. महेश्वरनं ते आतून बाहेरून बघितलं, जसं काही तोच राहायला येणार होता.

"सिद्रामा, चौकटी कशाच्या बसवणार?"

"लोखंडाच्या."

"लोखंड कसलं घरात! मी सागवानाच्या पाठवतो. चार दारं, सहा खिडक्या. निवृत्त व्हायला आलास, जरा सुखानं राहा. बार काढ म्हणत न्हाय मी. फक्त दोन बोल्ट ढिले राहू दे. आमची पोरं काढतील, गाडी जाईल, परत घालतील."

सिद्राम बाजेवर बसून तंबाखू मळत होता. त्यानं मळणं पुरं केलं.

"मालक, तुमच्या त्या सागवानाची गाडी तरी वजनात असती का?"

महेश्वर हसला.

"न्हाय, आपलं विचारलं. चौकट दारात बसवायची म्हंजे रोज तिच्याखालनं जायचं. माझ्या डोक्यावर माती पडंल की."

"बोलणं लई हाय तुझं," महेश्वर उठत म्हणाला. "बघू."

तो गेल्यावर चांगुणा म्हणाली, "सरळ नको म्हणायचं. माणसाला असं टाकून बोलायची काय गरज हुती?"

"माणूस हाय व्हय त्यो?"

"तुमाला कोण माणूस वाटतंय, ते एकदा सांगा तरी," चांगुणा म्हणाली आणि चुलीकडे गेली. हा प्रश्न ती लग्नापासून विचारत होती.

महेश्वरला फार काही करावंच लागलं नाही. डिसेंबरात उसाचा हंगाम तापला. होनकट्टीचा ऊस कारखान्याला जायचा तो याच पुलावरून, आणि उसाचे ट्रक काही अकरा फुटांत बसत नव्हते. बाराला अडून दोन गाड्यांची वरची रचाई सांडली. गाडीवाले म्हणाले, आम्ही या गावाला येत नाही. ऊस तोडून बांधावर पडला आणि वाळायला लागला. जे लोक टाळ्या वाजवत होते ते आता सिद्रामच्या घरापुढं उभे राहिले.

"सिद्राम, बार काढ," सोमशेखर म्हणाला.

"अकरा फुटांपत्तुर भरा. दोनाच्या जागी तीन खेपा करा. पूल ऱ्हाईल."

"गाडीवालं ऐकत न्हायती."

"लाकडाची गाडी आली की पूल कमकुवत, आन तुमचा ऊस आला की पूल धडधाकट? ह्यो दगड ओळखतोय व्हय, ऊस कुठला आन लाकूड कुठलं?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पूल काय तुझ्या बापानं बांधलाय?"

सिद्रामनं त्या दिशेला बघितलं. "माझ्या बापानं तुमच्या गावात नुसती मढी वाहिली," तो म्हणाला. "पूल बांधायची पाळी आली न्हाय. आली असती तर नीट बांधला असता."

लोक पांगले. पण ते शरमेनं नव्हे, हे त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सोमशेखरच्या ट्रॅक्टरला साखळी लावून दोन्ही बार ओढून पाडले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी नारळ फोडला. सिद्राम ओढ्याच्या काठावरल्या लिंबाखाली बसून ते सगळं बघत होता. त्यानं तक्रारीचा कागद दिला, शिक्का घेतला. साहेब म्हणाला, "जनभावना आहे शिवशरण. मी तरी काय करणार?" ईरप्पा 'येन माडली' म्हणाला होता तेच, फक्त शुद्ध मराठीत.

बार गेल्याची बातमी लाकडाच्या गाड्यांना एका दिवसात लागली. ऊस पाठीमागं राहिला आणि बाभूळ पुढं धावायला लागली. आता सिद्राम कुणाला अडवेना, निशाण दाखवेना. पूर्वी काच तडकली की तो लाल निशाण घेऊन पुलावर उभा राहायचा. गाड्या थांबायच्या नाहीत, पण दचकून हळू तरी व्हायच्या. तेही त्यानं सोडलं. काच मात्र बदलत राहिला आणि कागद देत राहिला, एवढंच. बाकी वेळ लिंबाखाली. मनात एकच धरून होता: पडू दे. एकदाचा पडू दे. मग कळेल एकेकाला.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी त्यानं काच बघितली तर ती तडकली नव्हती. सिमेंटसकट खाली पडली होती. कमानीच्या मधला दगड चार बोटं खाली आला होता. सिद्राम वर आला, लिंबाखाली बसला, भाकरीचं फडकं सोडलं. तास-दीड तासात मंद्रूपच्या बाजूनं एक गाडी येताना दिसली. सवयीनं त्यानं मागची चाकं बघितली. एक्केचाळीस. सगळ्या वर्षातली सगळ्यात जड. निशाणाची काठी सायकलला, हाताच्या अंतरावर. उठून चार पावलं टाकायची होती.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावला.

गाडीचं तोंड पूल पार करून गेलं. मागची चाकं मधोमध आली आणि पूल वाकल्यासारखा दिसला. आवाज नंतर आला. मागचा भाग ओढ्यात गेला, तोंड उभं राहिलं आणि सगळे ओंडके मागच्या मागं घरंगळले. वाऱ्यानं धूळ हलली तेव्हा काचेवर लिहिलेलं नाव सिद्रामला वाचता आलं. ईरप्पाची गाडी.

तो कसा धावला ते त्याला पुढं कधी आठवलं नाही. केबिनचं दार आत दबलेलं होतं. ते त्यानं टिकावानं उचकटलं. ईरप्पा शुद्धीवर होता. उजवा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळलेला, तोंडातून आवाज निघत नव्हता. सिद्रामनं त्याला पाठीवर घेतलं, काठावर आणलं, निशाणाची काठी मोडून तिचे दोन तुकडे पायाला दोन्हीकडून लावले आणि डोक्याचा रुमाल फाडून आवळून बांधले. तोवर गाव गोळा झालं होतं.

"गाडी काढा कुणीतरी!" तो ओरडला. "ह्याला सोलापूरला न्यायचाय!"

गाड्या आल्या. बैलगाडी आली, दोन आल्या, सोमशेखरचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आला. सगळे ओढ्यात उतरले आणि ओंडके भरायला लागले. बायका लहान फाटे डोक्यावर घेत होत्या. दोन भाऊ एका बुंध्यावरून भांडत होते. एकानं तर सिद्रामला विचारलं, "ह्यो तुमच्या पायाजवळचा घेऊ का?" ईरप्पा मान वळवून बघत होता. शेवटी चांगुणाच रस्त्यावर जाऊन एका टमटमवाल्याला आडवी झाली आणि ती टमटम ईरप्पाला घेऊन लांबच्या वाटेनं गेली. संध्याकाळपर्यंत ओढा साफ झाला होता. छत्तीस वर्षांत या गावानं कुठलंही काम इतक्या झटपट केलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. पुलाच्या देखभालीत कसूर केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. खाली साहेबाची सही. निवृत्तीला तीन महिने राहिले होते.

सिद्रामनं खुलासा लिहिला नाही. शिक्का मारलेल्या अकरा प्रती आणि तारखा लिहिलेल्या तडकलेल्या काचा पिशवीत घालून तो सोलापूरला मोठ्या साहेबांच्या कचेरीत गेला आणि शाखा अभियंता समोर असताना एकेक टेबलावर मांडत गेला. मोठ्या साहेबांनी पाचव्या कागदानंतर हात वर केला. शाखा अभियंत्याचा चेहरा बॉयलरमधल्या राखेसारखा झाला होता. नोटीस दप्तरी दाखल झाली, म्हणजे मेली.

"आणखी काही सांगायचंय का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

सिद्राम दारात थांबला. सांगायचं होतं. की ज्यासाठी तुम्ही मला नोटीस दिली ते मी केलं नव्हतं, आणि जे केलं ते तुम्ही विचारलंच नाही. त्या दिवशी मी बसून राहिलो. पण खुर्च्यांवरची ती दोन तोंडं बघून त्याला वाटलं, ह्यांना काय सांगायचं. मैलकुलीनं हात केला असता तर गाडी थांबली असती, एवढी किंमत ह्यांनी आपल्याला कधी दिलीच नाही. आणि लगेच वाटलं, आपण तरी कुठं दिली.

"न्हाय," तो म्हणाला.

एकतीस मेला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, वेफर्सच्या बशा. शाखा अभियंता भाषणात म्हणाला की शिवशरण यांनी या रस्त्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम केलं. सिद्रामला हसू आलं. प्रेम कसलं? रस्त्यावर कुणी प्रेम करतं काय? वाईट काम बघवत नव्हतं, एवढीच गोष्ट. छत्तीस वर्षं त्याला राग उठवून सायकलवर बसवत होता. त्यानं शाल घडी करून पिशवीत टाकली आणि चहा न घेता निघाला.

नवा पूल काही झाला नाही. ओढ्यात मुरूम टाकून तात्पुरती वाट केली, ती पहिल्या पावसात वाहून गेली. एसटी बंद झाली. होनकट्टीची पोरं शाळेला अडीच किलोमीटर वळसा घालून जायला लागली आणि हंगामातला उरलेला ऊस दुप्पट भाड्यानं गेला होता. सोमशेखर येता-जाता सिद्रामच्या घराकडे न बघता जायचा. सिद्राम मात्र मुद्दाम ओट्यावर बसून त्याच्याकडे बघायचा.

गौरी-गणपतीच्या आधी एका दुपारी ईरप्पा आला. काठी नव्हती, पण पाय ओढत होता. पायात सळई घातली होती म्हणे. हातात केळी. चांगुणानं त्याला आत बसवलं, पाणी दिलं. इकडचं तिकडचं झालं. मग ईरप्पा भुईकडे बघत म्हणाला,

"अण्णा, एक इचारू? तुमी त्या दिवशी झाडाखाली बसला हुता. मी बगितलं. आदी निशाण दाखवायचा. त्या दिवशी का न्हाय दाखवलं?"

चांगुणा दारातच थांबली. तिला हे माहीत नव्हतं.

सिद्रामनं उलट विचारलं, "दाखवलं असतं तर थांबला असतास?"

ईरप्पानं विचार केला. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "न्हाय," तो म्हणाला. "थांबलो नसतो."

"मंग?"

"तरीपण दाखवायचं हुतं की अण्णा."

त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सिद्रामनं चार शब्द परत फेकले असते, त्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्यानं तंबाखूची डबी काढली, उघडली, परत बंद केली.

"व्हय," तो म्हणाला. "दाखवायचं हुतं. चुकलं माझं."

चांगुणानं हे वाक्य त्याच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. ती चहा टाकायला आत गेली.

चहा पिताना सिद्रामनं विचारलं, "आता काय करतोस?"

"गाडीच," ईरप्पा म्हणाला. "महेश्वरअण्णाचीच. दुसरं काय येतंय मला?"

"आन जाता कुठनं?"

ईरप्पा घुटमळला. मग त्यानं सांगितलं: नाक्याच्या पूर्वेला आणखी एक वाट सापडली होती, खालच्या वस्त्यांवरनं. जरा लांब पडायची, पण काटा नव्हता.

"भरती?"

"अडतीस. कदी चाळीस."

सिद्रामच्या तोंडात आलेली शिवी त्यानं चहाबरोबर गिळली. ही सगळी जात एकाच माळेची, मालक, साहेब, सरपंच आणि हा मोडक्या पायाचा बैलसुद्धा, याबद्दल त्याचं मत तसूभर बदललं नव्हतं. त्यानं कप खाली ठेवला.

"त्या वाटंला दुसऱ्या वस्तीच्या म्होरं एक नळ्यांची मोरी हाय. वीस वर्सांमागं मीच नळ्या टाकायला हुतो तितं. डाव्या अंगाचा नळा तवाच फुटका बसवलाय कंत्राटदारानं. वरनं दिसत न्हाय."

"मालकाला सांगतो."

"मालकाला सांगून काय हुणार? तू ध्येनात ठेव. डाव्या अंगाला चाक घालू नगंस. आन तीसच्या वर भरली तर गाडीत बसू नगंस."

"चावी दुसऱ्याला देतंय अण्णा."

"देऊ दे," सिद्राम म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "त्या दुसऱ्याला बी सांग. डावं अंग."

ईरप्पा मान हलवून उठला. सिद्राम त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेला, त्याच्या ओढत्या पायाच्या चालीनं, हळूहळू.